पोटखराबा

भावानं सातबाऱ्याचा फोटो पाठवला तेव्हा मी मेथी निवडत होते. ओल्या बोटांनी तो मोठा करून पाहिला. वर बाबांच्या नावाला कंस पडलेला, त्याखाली आईचं, त्याचं आणि माझं नाव. बाबांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. त्यांच्या कंसाखाली आपलं नाव आलेलं बघून घशात जे अडकलं ते अडकलंच. पण नजर खिळली ती डावीकडच्या तक्त्यावर. तरी इतकी, वरकस इतकी, बागायत इतकी आणि शेवटी ‘पोटखराबा, वर्ग अ, लागवडीस अयोग्य’. या शेवटच्या ओळीपुढचा आकडा वरच्या सगळ्या आकड्यांच्या बेरजेहून मोठा होता. फोटोपाठोपाठ भावाचा आवाज आला, “ताई, वरचा सडा घ्यायला एक जण तयार आहे. भाव बरा देतोय. तसाही तो खराबाच आहे ना.”

सडा म्हणजे गावाच्या वरचं उघड्या कातळाचं पठार. भाऊ चुकीचं काही बोलला नव्हता. कागदावर तसंच लिहिलेलं होतं.

तरी तो शब्द माझ्या डोक्यातून दोन दिवस जाईना. पोटहिश्शातलं ते पोट आणि त्यात धरलेला हा खराबा. ज्या जमिनीत पीक येत नाही तिच्यावर सारा बसवायचा नाही, म्हणून ती हिशेबातून बाजूला काढायची, एवढाच त्याचा मूळ अर्थ. शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर त्यात दयाच आहे. उघड्या कातळाचा सारा कोणी कुठून भरावा? पण हिशेबासाठी दिलेलं नाव पिढ्यानपिढ्या वापरलं की तोच त्या जमिनीचा स्वभाव आहे असं वाटायला लागतं. देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह सरकारनं २००० साली काढला, त्यातही उघडा कातळ हा पडीक जमिनीचा एक प्रकार म्हणून नोंदलेला आहे. तलाठ्याच्या दप्तरापासून उपग्रहाच्या चित्रापर्यंत आमच्या सड्याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे.

आमचं गाव राजापूर तालुक्यात, समुद्र दिसतो पण ऐकू येत नाही इतक्या अंतरावर. वाडीतून सड्यावर जायला पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट आहे. फणस, काजू, करवंदीच्या जाळ्या असं करत दमछाक होईपर्यंत चढायचं आणि मग एकाएकी झाडं संपतात. पुढे नुसता कातळ, काळपट तांबडा, सपाट, कुठे खळगे पडलेला, कुठे पावसानं चाळणी केलेला. वर एवढं आभाळ असतं की वाडीतल्या दाट सावलीतून आलेल्या माणसाला क्षणभर उघडं पडल्यासारखं होतं. मे महिन्यात तिथं अनवाणी उभं राहता येत नाही. वाळलेल्या गवताला भाजलेल्या भाकरीच्या कडेसारखा वास येतो. कुठूनतरी टिटवी ओरडत अंगावर येते, कारण तिची अंडी तिथंच कुठेतरी उघड्यावर असतात, खड्यांच्या रंगाची, खड्यांमध्येच ठेवलेली. मी लहानपणी कितीदा शोधली असतील. दोनच वेळा दिसली, आणि दोन्ही वेळा पाय पडता पडता.

सडा म्हटलं की मोठी माणसं एकच शब्द उच्चारायची, फुरसं. वीतभर-हातभर लांबीचा तो मातकट साप, चिडला की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर वाजवणारा. आमच्या जिल्ह्यात त्याची अशी दहशत की इंग्रजांच्या काळात फुरशी मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस द्यायचं. दिवसा ते दगडाखाली असतं. त्यामुळे आत्या आम्हाला घेऊन गुरांमागे सड्यावर गेली की पाखाडी संपतानाच बजावायची, “दगडाला हात लावायचा न्हाय. काय पडलं-हरवलं तरी दगडाखाली हात घालायचा न्हाय.” आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, लग्न होऊन त्याच गावात, वरच्या वाडीत गेलेली. तिच्या हातात कायम एक आकडी असायची आणि कमरेला कोयती. तिचा शब्द मोडायची आमची टाप नव्हती.

सड्याचा हा कातळ म्हणजे जांभा दगड, आणि तो मुळात घडतोच मुळी धुपून. लाखो वर्षांचं ऊन आणि पाऊस खडकावर पडत राहतो, त्यातलं विरघळेल ते सगळं पाण्याबरोबर निघून जातं, आणि मागे उरतं ते लोखंड आणि ॲल्युमिनियम. म्हणून तो गंजाच्या रंगाचा. जमिनीतून काढताना मऊ असतो, पहारीनं चिरे निघतात, आणि हवा लागली की घट्ट होतो. केरळात फिरून गेलेल्या फ्रान्सिस बुकॅनन यानं १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात या दगडाला विटेच्या लॅटिन शब्दावरून लॅटेराइट नाव दिलं, ते याच गुणामुळे. आमचं घर, विहीर, देऊळ, सगळं त्याचंच. सड्याच्या बाबतीत मात्र मला वाटतं ते असं की जे झाडाझुडपाला लागतं ते सगळं देऊन टाकून झालेली ती जमीन आहे. तिच्याकडे माती नाही, नत्र नाही, सावली नाही. आठ महिने पाणी नाही आणि चार महिने पाण्याशिवाय काही नाही. ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस त्या सपाटीवर कोसळतो आणि बोटभर मातीत उभा राहतो.

आणि तेव्हाच तिथं सगळे येतात.

येतात म्हणजे बाहेरून नव्हेत, तिथंच असतात ते. पहिला पाऊस पडून आठवडा झाला की कातळाच्या भेगेतून दिपकाडी वर येते, हातभर दांडा आणि त्याला लांबट पांढरी घंटेसारखी फुलं. तिच्या शास्त्रीय नावात कोकण आहे. उरलेलं वर्ष ती कांद्याच्या रूपानं भेगेत गप्प बसलेली असते. मग खळग्यांतून पाणी साचतं आणि आत बेडकांची पिल्लं वळवळायला लागतात. त्यांना शेपूट गळून पाय फुटायला हवेत, तेही खळगा आटायच्या आत. शिवाय नखाएवढे, काचेसारखे आरपार दिसणारे झिंगे. त्यांची अंडी खळग्याच्या तळाच्या धुळीत सगळा उन्हाळा भाजून निघालेली असतात आणि तरी पाणी पडलं की उमलतात. श्रावणात गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या उठतात, लाखोंनी, लांबून वाटतं कुणी तांदूळ सांडलेत. आणि गणपतीच्या सुमाराला सीतेची आसवं. जांभळी-निळी, वाऱ्यावर सगळी एकदम हलणारी. आम्ही गौरीसाठी तेरडा आणायला जायचो तेव्हा या आसवांतून चालत जावं लागायचं, आणि दर वर्षी मी त्यातली ओंजळभर घरी आणायची, आणि दर वर्षी ती पाखाडी उतरेपर्यंत मान टाकायची.

सीतेची आसवं ही शिकारी झाडं आहेत हे मला फार उशिरा कळलं. कातळावरच्या ओल्या मातीत त्यांच्या मुळासारख्या धाग्यांना मोहरीहून लहान पिशव्या असतात. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाच्या केसाला लागला की झडप उघडते आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास सगळा खेळ आटपतो. शेजारीच दवबिंदू नावाचं झाड असतं, लालसर केसांच्या टोकांवर चिकट थेंब मिरवणारं, त्याला माश्या-चिलटं चिकटतात. मातीत नत्र नाही म्हणून ती दोघं ते किड्यांच्या अंगातून मिळवतात. माझ्या मनात बसलं ते याच्या पुढचं. त्यांची दया येऊन कोणी त्या कातळावर चांगली दोन फूट माती टाकली, शेणखत घातलं, तर ती सुखानं वाढणार नाहीत. गवत आणि झुडपं येतील, त्यांच्या डोक्यावरून जातील आणि ती नाहीशी होतील. त्यांना आपली गरिबीच लागते. जिथं दुसऱ्या कोणाचं भागत नाही तिथंच त्यांचं भागतं.

आता बाबांबद्दल लिहायला हवं.

१९९० मध्ये रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आली आणि कोकणाचा चेहरा बदलला. बाबांनी सड्याचा खालचा, वाडीकडचा भाग हापूसच्या कलमांना काढला. कातळात सुरुंगाचे बार उडवून एकेक खड्डा केला, मळ्यातली माती पाट्यांनी डोक्यावरून वर नेली, आणि पहिले तीन उन्हाळे आई-बाबांनी घागरींनी पाणी घातलं. ११० कलमं. सहाव्या-सातव्या वर्षी पहिल्या पेट्या वाशीला गेल्या. माझं वसतिगृह, कॉलेजची फी, भावाची मोटारसायकल, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं त्या कातळावरच्या हापूसनं केलं. जानेवारीत मोहोर आला की त्या बागेत उभं राहून मला जो वास येतो त्याला मी आयुष्यात कधी वाईट म्हणू शकणार नाही. सड्याची कणव घेऊन लिहिणाऱ्या माझ्या हातात पेन आलं ते सडा फोडून. हे मी कोणत्याही युक्तिवादानं सोडवू शकलेले नाही.

त्या बागेला गडगा, म्हणजे दगडी कुंपण घातलं तेव्हा मी ९ वर्षांची होते. चिऱ्याचं नव्हतं, सड्यावरच्या सुट्या दगडांचं. मे महिन्याची सुट्टी होती आणि घरातलं प्रत्येक माणूस दगड वाहत होतं. गडी पुढे जाऊन काठीनं दगड उलथायचे, खाली काही निघालं तर मारायचे, आणि मग आम्ही मुलं ते उचलून रचणाऱ्यांपर्यंत न्यायचो. एका दिवशी तीन फुरशी निघाली. आत्या बांधावर उभी राहून बाबांना बोलत होती, पोरांना कशाला या कामाला लावलंस म्हणून. मला मात्र आपण मोठं काहीतरी बांधतोय याचा अभिमान वाटत होता. उलथलेल्या दगडाखालची जमीन आठवते, दगडाच्याच आकाराची, ओलसर, गडद, आणि तिच्यावरून सैरावैरा पळणारं कायकाय. मग ते ऊन लागून दोन मिनिटांत फिकट व्हायचं.

चार वर्षांपूर्वी, बाबा होते तेव्हा, सड्यांवर संशोधन करणारी एक मुलगी गणपतीच्या आधी आमच्या पडवीत राहायला आली. पंचविशीची असेल. सुट्टी होती म्हणून मी रोज तिच्याबरोबर वर जायचे. तिचं काम दगड उचलायचं. शब्दशः तेवढंच. दगडाची लांबी-रुंदी मोजायची, उष्णता मोजायची, मग दगड आपल्याकडे तिरका उचलायचा, म्हणजे उघडी बाजू पलीकडे राहते आणि खाली साप असला तर दगडच आपल्या आणि त्याच्या मध्ये राहतो. दिसेल ते वहीत लिहायचं. आणि मग दगड परत ठेवायचा, जसा होता तसा, त्याच ठशात, त्याच बाजूनं. जरा सरकला असं वाटलं तर ती गुडघ्यावर बसून कडा जुळवायची. दहा-वीस दगडांनंतर माझी कंबर मोडली, पण मी तिथून हललेही नाही. एका दगडाखाली मुंग्या आपली पांढरी अंडी घेऊन पळत होत्या. एकाखाली विंचू, पाठीवर पिल्लं घेतलेला. एकाखाली अंगठ्याएवढा बेडूक, शेजारच्या दगडाखाली काहीच नाही, तिसऱ्याखाली फुरसं, वेटोळं घालून, आमच्याकडे बघत. तिनं तोही दगड तितक्याच शांतपणे खाली टेकवला.

आणि मग ती पाल. बोटाएवढी, भुऱ्या अंगावर पांढरे आडवे पट्टे, बारीक बाळासारखे पंजे. घरातल्या भिंतीवरच्या पालींच्याच कुळातली, पण ही भिंत चढून येत नाही, दगडाखालीच जन्मते आणि राहते. रत्नागिरी जिल्ह्यातल्याच डोर्ले गावच्या नमुन्यांवरून १९६३ मध्ये तिचं पहिलं वर्णन झालं, आणि कोकणातल्या अशा कातळांपलीकडे ती राहत नाही. मुलीनं हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात घरचं माणूस दाखवल्याचा आनंद होता. मी कातळाला पालथा हात लावून बघितला. पावसाची उघडीप होती, वरून दगड चटका देत होता. त्याच्याखाली हात नेला तर आत माठाच्या बुडासारखा गारवा. एवढ्या मोकळ्या, एवढ्या भाजणाऱ्या सपाटीवर जगायला जे जे लागतं, सावली, ओल, किडामुंगी, आडोसा, ते सगळं त्या चार बोटांच्या फटीत होतं.

संध्याकाळी जेवताना मी बाबांना सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, “१९६३ म्हणजे मी दुसरीत होतो.” मग बराच वेळ आमसुलाचं सार पीत राहिले. हात धुवायला उठले आणि पायरीवर थांबून म्हणाले, “आपल्या गडग्यात किती दगड असतील गो?”

मी उत्तर दिलं नाही. उत्तर नव्हतंच. गडगा ११० कलमांना वळसा घालून जातो, छातीएवढ्या उंचीचा. आज त्याच्यावर शेवाळ आहे, त्याच्या फटींत सरडे आहेत, एक मुंगूस दरवर्षी तिथंच पिल्लं घालतं. तोही कोणाचं तरी घर झालाय. पण तो रचताना आम्ही नुसती छपरं गोळा करत होतो, हे मला तिशी उलटल्यावर कळलं आणि बाबांना सत्तरीच्या उंबरठ्यावर.

कासच्या पठाराला मी दोनदा जाऊन आले आहे. तिकीट काढून, रांगेत, सप्टेंबरात. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा झाला त्यात कास आहे, आणि असायलाच हवं. पण तिथं एका काकूंनी दोरीपलीकडच्या सीतेच्या आसवांचा फोटो काढताना “आमच्याकडे असं काही नाही हो” म्हटलं आणि त्या देवरुखच्या, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या निघाल्या. मला त्यांचं वाईट वाटलं आणि स्वतःचंही, कारण मी तरी पुण्याहून कासला गेले होते, त्या वर्षी गावी गेलेच नव्हते. आमच्याच तालुक्यात कशेळीच्या सड्यावर कोणीतरी हजारो वर्षांपूर्वी १८ मीटर लांब हत्ती कोरून ठेवलाय आणि त्याच्या पोटात माशांपासून पाखरांपर्यंत कितीतरी जनावरं. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ पासून जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. मी त्या हत्तीपाशी उभी राहिले तेव्हा मनात आलं की ज्यांनी कोरलं त्यांना ही जागा ओसाड दिसली नसणार.

आमच्या शेजारचा सडा मागच्या वर्षी विकला गेला. पोकलेन आला, दीड महिन्यात सगळं सपाट झालं, सुटे दगड एका कडेला ढिगानं लोटले. लागवड केली की अ वर्गाचा खराबा आता लागवडयोग्य म्हणून नोंदवूनही घेता येतो. म्हणजे कागदावर ती जमीन सुधारली. जूनच्या पहिल्या पावसात आमच्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला लाल गढूळ पाणी आलं, हळद-कुंकू कालवल्यासारखं. सड्याच्या पायथ्याशी जिथं झरा फुटतो तिथं मे महिन्यातही करंगळीएवढी धार असते. भोकाभोकांचा तो जांभा पावसाळाभर पाणी पितो आणि उन्हाळाभर थेंबाथेंबानं देतो. आई त्या दिवशी कळशी भरायला गेली आणि तशीच परत आली. सर्व्हे नंबरच्या हद्दी पाण्याला माहीत नसतात. आमचा तुकडा राखला तरी वरून काय येईल त्यावर माझा हात नाही, हे मला कळतं.

तरी मी भावाला फोन केला. म्हटलं, वाटपात माझ्या नावावर वरचा सडा टाक. कलमं तुला आणि आईला. तो थोडा वेळ गप्प राहिला. तो लोभी नाही. गेली तीन वर्षं मोहोराच्या वेळी पाऊस, फुलकिडे, फवारणीचा खर्च. बागेवर कर्ज आहे आणि मुलगी दहावीत. सड्याचे पैसे आले असते तर त्याची मान सुटली असती. “तुझा पगार आहे ताई,” तो म्हणाला. रागानं नाही म्हणाला. मला ते अजून टोचतं, कारण खरं आहे. खराबा सांभाळायला आधी दुसरीकडचं पीक लागतं. शेवटी असं ठरलं की कर्जातला काही वाटा मी उचलायचा. किती, ते अजून ठरायचंय. तलाठी कार्यालयात मागच्या आठवड्यात जाऊन आले; तिथल्या बाईंनी अर्ज वाचून दोनदा विचारलं, खराबाच मागताय ना, लिहिण्यात चूक नाही ना.

येताना आत्याकडे गेले. आता पंच्याहत्तरी ओलांडली आहे, गुरं नाहीत, दोन शेळ्या आहेत. कोयती अजून कमरेलाच. पडवीत बसून तिला सगळं सांगितलं, सडा माझ्याकडे येतोय, विकणार नाही, फोडणार नाही, कलमंही लावणार नाही. मला वाटलं ती विचारेल मग करणार काय. तिनं चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं ते एवढंच, “मग गवत कापायला येऊ ना गो बाय? दिवाळीनंतर?”

“ये की. दर वर्षी ये,” मी म्हटलं. “दगड तेवढे हलवू नको.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “दगड कशाला हलवीन? खाली फुरसं असतं.”